पाच जणांचं मानधन, तीन दिवसांची स्पर्धा : सिंधुदुर्गातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मे २०२५ च्या चौथ्या आठवड्यात सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) या मोबाईलवरच्या लढाईच्या गेमची तीन दिवसांची स्पर्धा झाली. भाड्याने घेतलेलं मंगल कार्यालय, सोळा संघ, चौसष्ट खेळाडू, तीन लाखांची बक्षिसं आणि युट्यूबवर थेट प्रक्षेपण. समालोचन मराठीत, रंगात आलं की मालवणीत. गावी आलेले चाकरमानी संध्याकाळी हॉलमध्ये खुर्च्या धरून बसायचे आणि मुंबईत अडकलेले मोबाईलवर बघायचे. स्पर्धा म्हणून बघाल तर ती चांगली झाली, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना आयोजक खलनायक वाटू लागेल, आणि तो तसा नाही.

मी कर सल्लागार आहे. गेममधलं मला 'झोन' (खेळाचं आकसत जाणारं क्षेत्र) आणि 'फिनिश' (समोरच्याला बाद करणं) एवढंच कळतं. या प्रकरणात मी सप्टेंबरात आलो, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून हिशेब मांडायला. नावं, गाव आणि स्पर्धेचं नाव दोघांच्या अटीप्रमाणे गाळलं आहे. रकमा आणि वेळा त्यांनी दाखवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपांतून आणि वहीतून घेतल्या आहेत.

प्रक्षेपणासाठी पाच माणसं होती. सावंतवाडीकडची एक तरुणी होस्ट. एरवी ती लग्न, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं यांचं सूत्रसंचालन करते. दोन कास्टर, म्हणजे सामन्याचं समालोचन करणारे. त्यातला एक टेनिस बॉल क्रिकेटच्या मैदानावर नाव कमावलेला, त्याला इथे क्रिकेटवाला म्हणू. दुसरा रत्नागिरीत शिकणारा, स्वतः गेम खेळणारा. चौथा अ‍ॅनालिस्ट. सामना संपला की कुठला संघ कुठे चुकला, पुढच्या नकाशावर कोण कुठे उतरणार, हे सांगायचं त्याचं काम. पाचवा ऑब्झर्व्हर. हा पडद्यावर कधीच दिसत नाही, पण चौसष्ट खेळाडूंपैकी आत्ता कुणाच्या नजरेतून चित्र दाखवायचं ते तो ठरवतो. त्याची बोटं चुकली तर कास्टर ओरडत राहतो आणि प्रेक्षकाला झाडाचं खोड दिसतं.

आयोजकाचं मोबाईलचं दुकान आहे. त्याला सगळे 'दादा' म्हणतात. बीजीएमआय मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर त्याने दुकानाच्या माडीवर छोट्या स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ईस्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, बहुक्रीडा स्पर्धांतला खेळ म्हणून जागा दिली होती. त्या बातमीचं कात्रण दाखवून प्रायोजक गाठणं त्याला सोपं गेलं.

एकूण खर्च साडेसहा लाखांच्या घरात. मुख्य प्रायोजक पैसे लावून खेळायचं एक अ‍ॅप होतं. त्याने तीन लाख कबूल केले, अर्धे आधी आणि अर्धे स्पर्धेनंतर ९० दिवसांनी. बाकी दुचाकीचं शोरूम, हॉटेलवाले, एक बांधकाम व्यावसायिक, अशी आपल्याकडच्या कुठल्याही वर्गणी-पुस्तकात असतात ती माणसं.

पाच जणांचं ठरलेलं मानधन असं होतं. दोन्ही कास्टर आणि होस्ट यांना दिवसाला २,००० रुपये, अ‍ॅनालिस्टला १,५००, ऑब्झर्व्हरला १,०००. तीन दिवसांचे मिळून २५,५००. एकूण खर्चाच्या चार टक्क्यांच्या आत.

ठरलं कसं

सगळं फोनवर ठरलं. कागद नाही, निरोपही मोघम. होस्टने विचारलं होतं, "दादा, वेळ कितीची?" उत्तर आलं, "चार ते धा." तिने दहाच्या पुढची शेवटची गाडी मिळणार नाही हे लक्षात घेऊन भावाला सांगून ठेवलं. हॉलवर हजर किती वाजता व्हायचं, हे कुणीच विचारलं नाही. आवाज आणि कॅमेऱ्याची चाचणी, प्रायोजकांच्या जाहिरातींची तालीम, उद्घाटनाचा सत्कार यांचा वेळ त्या 'चार ते धा'मध्ये कुठे बसतो, हेही नाही.

क्रिकेटवाल्याने काहीच विचारलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाला, क्रिकेटला कधी विचारावं लागत नाही. ते खरंच आहे. टेनिस बॉलच्या स्पर्धेत दिवसाचा शेवटचा सामना संपला की समालोचकाच्या हातात पाकीट पडतं. तो तिथे दिवसाचे २,५०० घेतो. इथे २,००० ला हो म्हणाला, कारण एसी हॉल होता, ऊन नव्हतं, आणि नव्या क्षेत्रात पाय ठेवायचा होता. डबलबारी भजनाचा बुवासुद्धा विसार घेतल्याशिवाय पेटी गाडीत ठेवत नाही. पण ईस्पोर्ट्स नवीन असल्यामुळे इथली रीत काय, हे पाचांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि आयोजकालाही नव्हतं.

प्रक्षेपणाचं युनिट कोल्हापूरहून आलं होतं. त्यांनी निम्मे पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी घाटाखाली उतरवली नाही. जनरेटरवाल्याने डिझेलचे पैसे आधी घेतले. ज्यांनी आधी मागितले त्यांना आधी मिळाले, आणि ज्यांचं काम फक्त तोंडाने किंवा बोटांनी होतं ते शेवटी राहिले. आयोजकाच्या वहीत खर्चाची यादी आहे. बक्षिसं, हॉल, युनिट, जनरेटर, इंटरनेट, जेवण, बॅनर, सन्मानचिन्हं. पाच जणांचं मानधन त्या यादीत नाही. ते मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं आहे.

तीन दिवस

त्या वर्षी पावसाने सगळ्यांनाच गाठलं. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोचला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत आला. त्याआधीचे चार दिवसही कोकणात धो धो होते. ज्यांनी आंबा झाडावर ठेवला होता त्यांना त्या आठवड्याबद्दल वेगळं सांगायला नको.

पहिल्या दिवशी सगळ्यांना सकाळी अकराला बोलावलं. पाच सामने व्हायचे होते, ते झाले, रात्री अकरा वाजले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, जनरेटर लागला, मग इंटरनेट गेलं. बीजीएमआयचा एक सामना अर्ध्या तासाचा असतो, पण मधेच जोडणी तुटली तर तो पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो. मग सोळा संघ पुन्हा गेममधल्या खोलीत येणार, पुन्हा गेममधलं विमान, पुन्हा त्यातून उड्या. या सगळ्या वेळात प्रक्षेपण कोऱ्या पडद्यावर ठेवता येत नाही. होस्ट आणि अ‍ॅनालिस्ट यांनी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, एका माईकवर, जवळजवळ पाऊण तास गप्पा मारून प्रेक्षक धरून ठेवले. मी ते रेकॉर्डिंग पाहिलं आहे. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि अ‍ॅनालिस्ट शांतपणे गेममधल्या एरंगेल या नकाशावर बोट ठेवून सांगतोय की दक्षिणेच्या बेटावर शेवटचा झोन गेला तर पुलावर कोण अडकेल. तयारी असल्याशिवाय असं बोलता येत नाही. त्याने आधीचा आठवडाभर पात्रता फेऱ्यांची चित्रीकरणं बघून सोळा संघांची वही केली होती. त्या आठवड्याचा हिशेब कुणी धरला नव्हता.

रात्री साडेअकराला इंटरनेट परत आलं. दोन सामने बाकी. निर्णयाची पहिली खरी वेळ ही होती, आणि ती हॉलमागच्या वधूपक्षाच्या खोलीत आली. होस्टचं म्हणणं होतं की आता थांबावं, उरलेले सामने उद्या. दुसऱ्या कास्टरचं म्हणणं होतं की थांबायचं नसेल तर जादा किती ते आत्ता ठरवावं. क्रिकेटवाल्याचा घसा बसला होता, तो काही बोलला नाही. आयोजक आत आला, भिजलेला, आणि म्हणाला, "आता अर्ध्यार सोडलास तर लोक काय म्हणतले? बघूया रे, सगळा बघूया." पाचही जण उठून परत गेले. सामने दीडला संपले. होस्टचा भाऊ पंचवीस किलोमीटर पावसात मोटरसायकल मारत तिला न्यायला आला होता. तो बारापासून हॉलच्या पायरीवर बसून होता.

तिसऱ्या दिवशी अंतिम फेरीआधी सत्कार लांबले. आपल्याकडे शाल-श्रीफळाशिवाय काही सुरू होत नाही. निवेदकांनाही शाल मिळाली. रात्री साडेबाराला विजेते ठरले.

पहिला दिवस १२ तास, दुसरा साडेअकरा, तिसरा साडेतेरा. एकूण ३७ तास. कास्टरचे ६,००० रुपये त्याने भागले तर तासाला १६२ रुपये पडतात. ऑब्झर्व्हरचे ८१. शिवाय त्याने वापरलेले दोन्ही आयपॅड त्याचे स्वतःचे होते. भाग्याने पावसात वाचले.

अडचण कुठे आली

शेवटच्या रात्री आयोजकाने प्रत्येकाच्या हातात थोडे थोडे पैसे ठेवले. कास्टर आणि होस्टला दोन-दोन हजार, अ‍ॅनालिस्ट आणि ऑब्झर्व्हरला हजार-हजार. एकूण ८,०००. राहिले १७,५००. ते प्रायोजकाचा दुसरा हप्ता आला की द्यायचे, असं तेव्हा सांगण्यात आलं. आधी हे कुणाला सांगितलं नव्हतं. विजेत्यांना मात्र पंधरा दिवसांत बक्षीस पोचलं. ते बरोबरच झालं, बक्षीस थकवलं की त्या आयोजकाच्या स्पर्धेत पुन्हा संघ येत नाहीत.

मग ऑगस्ट आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. याच कायद्याने ईस्पोर्ट्सला मात्र वैध खेळ म्हणून मान्यता दिली. म्हणजे स्पर्धा कायदेशीर झाली आणि तिचा मुख्य प्रायोजक बंद पडला, एकाच कागदाने. दीड लाखाचा हप्ता बुडाला. आयोजकाने पतसंस्थेतून कर्ज काढून हॉल आणि जनरेटरचं उरलेलं देणं फेडलं. निवेदकांना निरोप गेला की आता कठीण आहे.

होस्टला वेगळीच भीती. प्रत्येक सामन्याआधी त्या अ‍ॅपचं नाव तिने घेतलं होतं, तर आता आपल्यावर काही येणार का? मे महिन्यात बोललेल्या वाक्याला ऑगस्टचा कायदा लागत नाही, एवढं सांगून तिला शांत केलं. पण प्रश्न तिने बरोबर विचारला होता. जाहिरातीचा मजकूर आयोजक देतो, चेहरा निवेदकाचा जातो, आणि मजकुराची जबाबदारी कुणाची ते कुठे लिहिलेलं नसतं.

चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तिच्या दोन दिवस आधी आयोजकाने क्रिकेटवाल्याला एकट्याला फोन करून त्याचे चार हजार पाठवले. त्यातही ४०० रुपये 'टीडीएस', म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, म्हणून कापले. कोकणात चतुर्थीच्या तोंडावर आलेले पैसे कुणी परत करत नाही. त्याने घेतले आणि त्याच संध्याकाळी बाकी चौघांना तसं कळवलं. त्यानंतर ग्रुपवर कुणी बोललं नाही.

आणि सप्टेंबरात भोंग्याचं प्रकरण झालं. अंतिम फेरीत झोनच्या बाहेर पळणाऱ्या एका खेळाडूवर क्रिकेटवाला ओरडला होता, "अरे मेल्या, खंय धावतंस? झोन हय आसा!" ती दहा सेकंदांची चित्रफीत भरपूर फिरली. एका बुधवारी तो आठवडा बाजारात मासे घेत उभा असताना रिक्षावरच्या भोंग्यातून त्याचाच आवाज आला, "अरे मेल्या, खंय धावतंस?", आणि पाठोपाठ दुसरा आवाज, दसऱ्याला दुचाकी घ्यायची तर अमुक शोरूमलाच या. मासेवाली त्याच्याकडे बघून हसली. तोही हसला, पण घरी जाऊन त्याने होस्टला फोन केला. पाचही जण पुन्हा बोलू लागले ते त्या फोनपासून.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय होता जाहीर पोस्ट टाकायचा. सगळ्यांचे मिळून बऱ्यापैकी फॉलोअर्स होते, आणि असल्या पोस्टला सहानुभूती लगेच मिळते. होस्टचा कल तिकडे होता. मी विरोधात होतो. आयोजक पैसे बुडवून मजा मारत होता असं नव्हतं, आणि एकदा गावात तोंड फिरलं की तडजोडीची खोली बंद होते. शिवाय पोस्टमध्ये आकडा चुकला तर बदनामीची नोटीस उलट यायची.

दुसरा, सामूहिक बहिष्कार. पुढच्या वर्षी पाचांपैकी कुणी येणार नाही असं सांगायचं. दुसऱ्या कास्टरने २०१६ चं उदाहरण दिलं. लीग ऑफ लीजेंड्स या गेमच्या शांघायमधल्या मिड-सीझन इन्व्हिटेशनल स्पर्धेला कोरियन लीगच्या तीन नावाजलेल्या इंग्रजी कास्टरांनी मानधनावर एकमत न झाल्याने जाहीर नकार दिला होता. त्यांच्या नकाराने या विषयावर जगभर बोललं गेलं, पण स्पर्धा थांबली नाही, दुसऱ्या आवाजांनी झाली. इतक्या मोठ्या नावांशिवायही ती झाली, तर आपल्याशिवाय होणार नाही असं कोण म्हणेल? याचं उत्तर मला खोलीत कुणाकडूनच मिळालं नाही. माझं मत एवढंच की मालवणीत गेम सांगणारी माणसं तूर्त बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ते तूर्त फार दिवस राहणार नाही.

तिसरा, कायद्याचा. तोंडी करारही १८७२ च्या करार कायद्याने करारच असतो, अडचण सिद्ध करण्याची. व्हॉट्सअ‍ॅपवर रकमा होत्या, त्यामुळे पुरावा अगदीच नव्हता असं नाही, आणि वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. पण तेरा-चौदा हजारांसाठी वकील आणि तारखा परवडत नाहीत. याहून सोपा रस्ता सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याचा. उद्यम नोंदणी असलेल्या सेवा देणाऱ्याला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. एकटा माणूसही सेवा उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो, ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. पाचांपैकी एकाचीही नव्हती. काम झाल्यावर केलेल्या नोंदणीचा मागच्या थकबाकीला भरवसा धरता येत नाही.

चौथा, सोडून देणं. ऑब्झर्व्हर याच मताचा होता. "माझे दोन हजार, त्यांच्यासाठी कशाला?" दोन हजारच होते हे खरं, आणि ते त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी आले होते हेही खरं.

शेवटी पाचवा ठरला. एकत्र बसायचं, पण तीन गोष्टी तीन कागदांवर ठेवायच्या. जुनी थकबाकी, भोंग्यातला आवाज आणि पुढच्या स्पर्धेच्या अटी. या तिन्हींची खिचडी झाली की 'पुढच्या वर्षी वाढवून देतो' या एका वाक्यात मागचं सगळं बुडतं. हे मी व्यापाऱ्यांच्या उधारीत इतक्यांदा पाहिलं आहे की या अटीवर मी अडूनच बसलो.

काय केलं

बसण्याआधी प्रत्येकाकडून एक पान लिहून घेतलं. किती वाजता हजर, किती वाजता सुट्टी, काय काय केलं, स्वतःचं काय वापरलं. दर किती हवा, हे लिहायचं नाही असं सांगितलं होतं. आयोजकाने ती पाच पानं वाचली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. अ‍ॅनालिस्टच्या आठवडाभराच्या तयारीचं त्याला खरोखर माहीत नव्हतं. त्याची समजूत अशी की 'तो पोरगो हुशार आसा, असाच बोलता'.

मग टीडीएस. मी आयोजकाला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक, विचारला. तो म्हणाला, पॅन आहे. टॅन नसेल तर कापलेला कर सरकारात भरणार कसा? आणि मुळात कापायचा नव्हताच. व्यावसायिक शुल्कावर तेव्हाच्या कलम १९४जे खाली १० टक्के कपात होती, पण एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या रकमेवर ती लागत नव्हती. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कलाकारांचा दहा टक्के कापायचा असतो. ४०० रुपये थकबाकीत परत धरले.

जुन्या हिशेबाचे १३,५०० राहिले होते, त्यात हे ४०० मिळवले. जादा वेळेसाठी दर तासाने मागणी केली असती तर आकडा मोठा झाला असता, पण दर आधी ठरलेला नसताना तो मागून लावणं मला पटत नव्हतं. दोन उशिराच्या रात्रींचे माणशी पाचशे-पाचशे, म्हणजे ५,००० यावर दोन्ही बाजू आल्या. ऑब्झर्व्हरच्या आयपॅडच्या भाड्यासाठी त्याने तीन हजार लिहिले होते, दीड हजार ठरले. एकूण २०,४००. निम्मे लगेच, निम्मे दिवाळीला.

भोंग्याच्या बाबतीत एका वकील मित्राला विचारलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराची जी व्याख्या आहे तिच्यात नट, गायक, कसरतपटू, व्याख्यान देणारा, अगदी गारुडीसुद्धा आहे, आणि शेवटी 'सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती'. कास्टर त्यात बसतो असं म्हणायला जागा आहे, असं तो म्हणाला. प्रत्यक्षात त्याची गरज पडली नाही. शोरूमच्या मालकाला क्रिकेटवाला आणि मी भेटायला गेलो तर तो उलट आश्चर्याने म्हणाला, मला तर प्रायोजकाच्या पॅकेजमध्ये 'सगळा कंटेंट' म्हणून दिलं होतं, आवाजाचे वेगळे पैसे असतात हे कुणी बोललंच नाही. त्याने ५,००० रुपये दुसऱ्या दिवशी दिले आणि जाहिरात दिवाळीपर्यंत चालवायची परवानगी लिहून घेतली. तीन दिवसांच्या मानधनाला मे ते सप्टेंबर लागले होते. या दहा सेकंदांना एक चहा.

निकाल

पहिला हप्ता आठवडाभरात मिळाला. दिवाळीचा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

जानेवारीत आयोजकाने पुन्हा स्पर्धा घेतली, दोन दिवसांची, अ‍ॅपच्या पैशांशिवाय, लहान. या वेळी एका पानाचा करार झाला. दिवसाला ३,५००, हजर होण्याच्या वेळेपासून आठ तास. पुढे तासाला ५००. तयारीसाठी अर्ध्या दिवसाचे पैसे. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली १५ दिवसांत, प्रायोजकाचे पैसे येवोत वा न येवोत. रात्री दहानंतर घरी पोचवायची गाडी आयोजकाची. चित्रफिती स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी वर्षभर वापरता येतील, दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीसाठी वेगळी परवानगी, वेगळे पैसे. जाहिरातीच्या मजकुराची जबाबदारी आयोजकाची. तीन दिवस आधी काम रद्द झालं तर निम्मे पैसे. ऑब्झर्व्हरलाही तोच दर, हा आग्रह होस्टने धरला आणि आयोजक सर्वांत जास्त त्याच्यावरच अडला. शेवटी ३,००० वर तुटलं.

पण त्या दरात त्याला पाच माणसं परवडली नाहीत. होस्ट, क्रिकेटवाला आणि ऑब्झर्व्हर असे तिघेच घेतले. दुसऱ्या कास्टरची परीक्षा होती, त्याला वगळल्यासारखं जाणवलं नाही. अ‍ॅनालिस्टला बोलावलंच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अनेक जण म्हणतील, दर आधीच जास्त मागायला हवा होता. मला तसं वाटत नाही. २,००० हा दर त्या गावातल्या पहिल्या मोठ्या स्पर्धेसाठी अपमानास्पद नव्हता. सहा तासांसाठी तो ठीकच होता. बिघडलं ते सहाचे बारा झाले तिथे. एप्रिलच्या फोनवर 'हजर किती वाजता, सुट्टी किती वाजता, पुढे गेलं तर काय, पैसे कधी' एवढं विचारून तेच निरोपात लिहून पाठवलं असतं, तर दुसऱ्या रात्रीची चर्चा दोन मिनिटांत संपली असती.

त्या रात्री उठून जायला हवं होतं का? मी पाचांनाही विचारलं. होस्ट अजूनही हो म्हणते. मला वाटतं, चालू ठेवणं बरोबर होतं, पण परत माईकवर जाण्याआधी आयोजकाकडून 'आजच्या रात्रीचे माणशी इतके' एवढा एक निरोप ग्रुपवर टाकून घ्यायला हवा होता. साडेअकराला आयोजकाला त्यांची जितकी गरज होती तितकी पुढे कधीच नव्हती. अर्थात भिजलेल्या माणसासमोर हे सुचणं सोपं नाही.

आयोजकाच्या बाजूने बघितलं तर प्रायोजक पैसे देईल की नाही, हा धोका त्याने घेतला होता, फायदाही त्याचाच होता. तो धोका त्याने न सांगता पाच जणांवर उतरवला. एका प्रायोजकावर निम्म्याच्या आसपास भार टाकतानाच मानधनाची रक्कम बाजूला काढून ठेवली असती, तर दीड लाख बुडूनही हे २५,५०० सुटले असते. मूळ यादीत ती ओळ असती तर कदाचित बॅनर दोन कमी लागले असते.

क्रिकेटवाल्याने चतुर्थीआधी एकट्याने पैसे घेतले, यावर माझं आणि होस्टचं पटत नाही. ते त्याचेच पैसे होते आणि त्याने लपवलं नाही. चूक कुठे असेल तर ती पाच जणांनी मे महिन्यातच 'कुणालाही आलं तर सगळ्यांना समान वाटायचं की नाही' हे न ठरवण्यात.

अ‍ॅनालिस्टचा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. दर वाढला की माणसं कमी होतात, आणि कमी होताना तोच जातो ज्याचं काम प्रेक्षकाला सर्वांत कमी दिसतं. करार करताना चौघांपैकी कुणी 'तिघांचे दिवसाचे १०,००० चौघांत वाटून माणशी २,५०० चालेल का' असं विचारलं असतं तर आयोजकाचा खर्च तेवढाच राहिला असता. तो हिशेब मी जानेवारीनंतर मांडून दाखवला. होस्ट म्हणाली, मग पुन्हा आपण खालीच आलो ना. तिचंही चूक नाही. अ‍ॅनालिस्ट सध्या चिपळूणच्या एका संघाला तयारी करून देतो, सामन्यामागे पैसे घेतो, आणि जानेवारीच्या स्पर्धेबद्दल बोलत नाही.

उद्यम नोंदणी तिघांनी केली आहे. ऑब्झर्व्हरला आधार-पॅन घेऊन ये म्हणून दोनदा सांगितलं, तो अजून आलेला नाही.